मॉरिशसचे स्वातंत्र्य

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किमी.वर असलेल्या मॉरिशस बेटावर १८१० पासून चालत आलेली ब्रिटिश सत्ता १२ मार्च १९६८ रोजी संपुष्टात आली आणि मॉरिशस हे राष्ट्रकुलातील स्वतंत्र राष्ट्र झाले. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे असून स्वातंत्र्याच्या वेळी लोकसंख्या सुमारे आठ लाख होती. येथे सशस्त्र लढा झाला नाही किंवा मोठी असहकाराची चळवळही उभी राहिली नाही. साठीच्या दशकात राज्यकर्तेच निघून जाण्याच्या मनःस्थितीत होते. खरा वाद बेटावरील रहिवाशांमध्ये होता आणि स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांच्या पारड्यात शेवटच्या निवडणुकीतही शंभरांतील चव्वेचाळीसच्या आसपास मते पडली. त्यामुळे मॉरिशसच्या स्वातंत्र्याचा इतिहास हा मुख्यतः मताधिकार कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळाला याचा इतिहास आहे.

वसाहतीची घडण

या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना ते माहीत होते, पण वस्तीचा पहिला प्रयत्न डचांनी केला. १५९८ मध्ये त्यांनी नासाऊचा राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटाला दिले, १६३८ मध्ये वसाहत थाटली, जाव्हाहून ऊस आणि हरणे आणली आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. डोडो हा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेऊन त्याला ‘ईल द फ्रान्स’ असे नाव दिले. गव्हर्नर माए द लाबुर्दोने (कारकीर्द १७३५–४६) याने पोर्ट लुई हे बंदर उभारले. मळ्यांवर राबण्यासाठी मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून हजारो गुलाम आणले गेले. फ्रान्समधील क्रांतिकारक सरकारने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केल्यावर येथील मळेवाल्यांनी तो हुकूम मानला नाही आणि तो बजावण्यासाठी आलेल्या प्रतिनिधींना १७९६ मध्ये परत पिटाळले. मायदेशातील सरकार काहीही ठरवो, बेटावर आपलीच चालणार ही या वर्गाची धारणा पुढे दीड शतक टिकली.

डिसेंबर १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. या मोहिमेत भारतातील इलाख्यांचे शिपाईही होते. शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रूढी अबाधित राहिल्या, १८१४ च्या पॅरिस तहाने बेट ब्रिटनकडे कायम झाले आणि शेजारचे बूर्बाँ (आजचे रेयुनियाँ) फ्रान्सला परत मिळाले. परिणामी, ब्रिटिश अमलाखाली मळे, साखर कारखाने, वृत्तपत्रे आणि उच्चभ्रू समाजजीवन या सर्वांवर फ्रेंच वंशाच्या मूठभर कुटुंबांचीच पकड राहिली. इंग्रजी कचेरीत, फ्रेंच दिवाणखान्यात आणि फ्रेंचवरून घडलेली क्रिऑल ही लोकभाषा रस्त्यावर, अशी भाषांची वाटणी तेव्हापासूनची आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. मालकांना भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, मुक्त झालेल्या सुमारे ६६ हजार माणसांना मात्र काहीही मिळाले नाही. त्यांच्यातील बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ती जागा भरण्यासाठी कराराने बांधलेले मजूर भारतातून आणण्याची पद्धत मुक्तीच्या तोंडावरच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढील सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर आले. ज्या ठिकाणी त्यांची नोंद होई, ते ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखले जाते. २००६ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. बहुसंख्य मजूर कलकत्ता बंदरातून आलेले भोजपुरी भाषक होते, मद्रासमार्गे तमिळ व तेलुगू आले आणि मुंबईमार्गे त्यांच्या मानाने थोडे, मुख्यतः रत्नागिरी व आसपासच्या कोकणातील मराठी लोक आले. १८६१ च्या सुमारास बेटावरील दर तीन माणसांतील दोन भारतीय होती. चलनही १८७६ पासून रुपयाच झाले. सत्तेत मात्र या दोन-तृतीयांश लोकांचा वाटा शून्य होता.

ऊस, जमीन आणि मत

१८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने हजारो जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरकडे पाठवला. त्यावरून नेमलेल्या शाही आयोगाने मजुरांच्या छळाच्या तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरवल्या. पण राजकीय हक्कांना हात लागला नाही. १८८६ पासून कायदेमंडळात दहा सभासद निवडून येऊ लागले, तेव्हा मालमत्ता आणि उत्पन्नाच्या अटींमुळे साडेतीन लाखांवर वस्तीत मतदार जेमतेम चार हजार होते. पहिल्या महायुद्धानंतर बेट फ्रान्सला परत जोडावे अशी चळवळ निघाली. या मर्यादित मतदारवर्गानेही १९२१ च्या निवडणुकीत तिच्या सर्व उमेदवारांना पाडले. मॉरिशसने ब्रिटनपासून दूर व्हावे, अशी पहिली संघटित मागणी स्वातंत्र्यासाठी नव्हती, ती दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी होती, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

दरम्यान, उसाचे भाव पडल्यावर मोठ्या मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि करार संपलेल्या भारतीयांनी ते पै पै जोडून विकत घेतले. यातून छोट्या ऊस उत्पादकांचा वर्ग तयार झाला. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना काही दिवस येथे थांबले होते. त्यांच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले, त्यांनी कोर्टात मजुरांची बाजू लढवली आणि ‘हिंदुस्थानी’ हे पत्र सुरू केले. आर्य समाजाच्या शाळा निघाल्या. १९२६ मध्ये दोन भारतीय वंशाचे सभासद प्रथमच निवडून आले. मात्र ते धनिक होते आणि मजुरांचे प्रश्न त्यांच्यामुळे कायदेमंडळात पोहोचले, असे म्हणता येणार नाही.

हे प्रश्न पुढे आणले ते मजूर पक्षाने. फेब्रुवारी १९३६ मध्ये डॉ. मोरिस क्यूरे यांनी तो स्थापन केला. इमान्युएल आंकतिल आणि पंडित सहदेव हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. संस्थापक क्रिऑल (आफ्रिकी व मिश्र वंशाच्या) समाजातील आणि अनुयायी मोठ्या संख्येने भारतीय, असे या पक्षाचे आरंभीचे रूप होते व ते पुढच्या घडामोडी समजून घेताना ध्यानात ठेवले पाहिजे. १९३७ मध्ये कारखान्यांनी ‘उबा’ जातीच्या उसाचा भाव १५ टक्क्यांनी उतरवला. हा ऊस मुख्यतः छोटे शेतकरी लावत. ऑगस्टमध्ये यूनियन फ्लाक येथील कारखान्यावर चालून गेलेल्या जमावावर गोळीबार होऊन चार जण ठार झाले. हा कारखाना भारतीय वंशाच्याच एका कुटुंबाच्या मालकीचा होता. त्यामुळे संघर्ष केवळ वंशाचा नसून मालक-मजुरांचाही आहे, हे उघड झाले. पुढच्या वर्षी गोदी कामगारांचा संप मोडताना सरकारने आंकतिल यांना मॉरिशसच्याच अखत्यारीतील रोद्रिगेस या दूरच्या बेटावर हद्दपार केले आणि क्यूरे यांना नजरकैदेत ठेवले. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल येथे संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मृत्युमुखी पडलेल्या चौघांत अंजलाय कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. मॉरिशसमधील एका मोठ्या स्टेडियमला आज तिचे नाव आहे.

नव्या राज्यघटनेने १९४७ मध्ये मताधिकारासाठी मालमत्तेऐवजी साक्षरतेची कसोटी लावली: बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता आली, की मत मिळे. सबंध प्रक्रियेत याइतकी निर्णायक गोष्ट दुसरी नाही. बासदेव विष्णुदयाल यांच्या ‘जन आंदोलना’चे स्वयंसेवक याआधीपासून गावोगावच्या बैठकांमधून हिंदी शिकवत होते. आता दिवसभर उसाच्या फडात राबलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात नाव लिहायला बसू लागली. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांच्या आसपास गेली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये १९ निर्वाचित जागांपैकी ११ जागांवर हिंदू उमेदवार निवडून आले. एमिलियेन रॉशकूस्त या निवडून आलेल्या पहिल्या स्त्री सभासदही याच वेळी सभागृहात गेल्या. फ्रेंच वंशाच्या समाजातून एकच उमेदवार निवडून आला. तोल सावरण्यासाठी गव्हर्नरने नियुक्त सभासदांत मळेवाल्यांच्या बाजूची माणसे भरली. निवडणुकीने दिलेले नेमणुकीने काढून घेण्याचा हा प्रकार १९५३ नंतरही झाला आणि त्यामुळेच पूर्ण जबाबदार शासनाच्या मागणीला धार आली.

पक्ष आणि समाजगट

मजूर पक्षाचे नेतृत्व गी रोझमाँ यांच्या निधनानंतर (१९५६) शिवसागर रामगुलाम यांच्याकडे आले. १९०० मध्ये बेल रीव येथे मजुराच्या घरी जन्मलेले, लंडनमध्ये वैद्यक शिकलेले रामगुलाम स्वभावाने मध्यममार्गी होते. ब्रिटिश मजूर पक्षातील, विशेषतः फेबियन या सौम्य समाजवादी वर्तुळातील ओळखी त्यांना पुढे उपयोगी पडल्या. १९५५ आणि १९५७ च्या लंडनमधील बोलण्यांनंतर सार्वत्रिक प्रौढ मतदान मान्य झाले आणि मार्च १९५९ मध्ये ४० एकसदस्य मतदारसंघांत पहिली सर्वांची निवडणूक झाली. मजूर पक्षाने ती स्पष्ट बहुमताने जिंकली. रामगुलाम १९६१ मध्ये मुख्यमंत्री आणि १९६४ मध्ये सर्वपक्षीय सरकारचे ‘प्रीमियर’ झाले.

सार्वत्रिक मतदानामुळे एक जुनी भीती पुन्हा वर आली. हिंदूंची संख्या निम्म्याहून थोडी अधिक होती. उरलेल्यांत आफ्रिकी व मिश्र वंशाचे क्रिऑल, मुसलमान, चिनी आणि फ्रेंच वंशीय येत. स्वातंत्र्य म्हणजे हिंदूंचे कायमचे राज्य, हा प्रचार शहरांतल्या क्रिऑल वस्त्यांमध्ये रुजला. ज्यूल कोनिग यांनी उभारलेल्या आणि नंतर गाएतान द्युवाल यांच्या हाती आलेल्या ‘पार्ती मोरिसियाँ’ (मॉरिशियन पक्ष; पुढे ‘सोशल डेमोक्रॅट’ जोडून पीएमएसडी) या पक्षाने हा सूर धरला. द्युवाल स्वतः क्रिऑल, तरुण वकील आणि सभा जिंकणारे वक्ते होते. मळेवाल्यांचा पैसा आणि शहरी गरिबांचा उत्साह एका व्यासपीठावर आणणे त्यांना साधले, ही मामुली कामगिरी नव्हती. ब्रिटनशी ‘संलग्नता’ ठेवावी आणि निर्णय सार्वमताने घ्यावा, अशी पक्षाची मागणी होती.

दुसरीकडे, हिंदूही एकसंध नव्हते. सुखदेव विष्णुदयाल यांचा ‘इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉक’ ग्रामीण मजुरांत मजूर पक्षाशी स्पर्धा करी. अब्दुल रझाक मोहम्मद यांची ‘मुस्लिम कृती समिती’ राखीव प्रतिनिधित्व मागत होती. तमिळ समाजातील काहींना भोजपुरी बहुसंख्येच्या छायेत जाण्याची धास्ती होती आणि त्यांच्यातून द्युवाल यांना पाठिंबाही मिळाला. मराठी समाज लहान आणि विखुरलेला असल्याने त्याचे स्वतंत्र राजकारण उभे राहिले नाही. घटनेतील वर्गीकरणात तमिळ व तेलुगूंप्रमाणे त्याची गणना हिंदूंमध्येच झाली. १९६३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४० पैकी १९ च जागा मिळाल्या, आणि स्वातंत्र्य हवे असेल तर या सगळ्यांना एकत्र बांधणे त्याला भाग पडले.

आर्थिक चित्रही उत्साहवर्धक नव्हते. निर्यात उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या साखरेचा होता. हिवताप निर्मूलनानंतर मृत्युदर झपाट्याने घटला आणि १९४४ मध्ये सव्वाचार लाखांच्या आत-बाहेर असलेली लोकसंख्या १९६२ पर्यंत पावणेसात लाखांच्या पुढे गेली. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या समितीने १९६१ च्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि बेकारी पाहता बेटाचे भवितव्य बिकट असल्याचे म्हटले. स्वातंत्र्याच्या विरोधकांच्या हाती हा अहवाल आयताच पडला.

लँकेस्टर हाउस आणि चागोस

मे १९६५ मध्ये क्रिऑल आणि हिंदू यांच्यात दंगली झाल्या, आणीबाणी जाहीर करून एडनहून ब्रिटिश सैन्य आणावे लागले. याच वातावरणात ७ सप्टेंबर १९६५ पासून लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये घटनापरिषद भरली. वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड अध्यक्षस्थानी होते. उघड चर्चा मतदारसंघ, अल्पसंख्याकांची हमी आणि सार्वमत यांवर चालली होती. त्याच वेळी बंद दाराआड दुसरीच वाटाघाट सुरू होती. मॉरिशसच्या ईशान्येस दोन हजार किमी.हून दूर असलेला चागोस द्वीपसमूह मॉरिशसचाच भाग म्हणून चालवला जात असे. त्यातील दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते. ते देण्यासाठी द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडणे ब्रिटनला आवश्यक वाटले.

२३ सप्टेंबर रोजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांची भेट घेतली. भेटीपूर्वी विल्सन यांच्यासाठी तयार केलेल्या टिपणात हेतू असा मांडला होता, की प्रीमियरना आशा दाखवूनच घाबरवावे: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत समजूतदारपणा दाखवला नाही तर ते कदाचित मिळणार नाही ही भीती. रामगुलाम यांनी तत्त्वतः संमती दिली. दुसऱ्याच दिवशी ग्रीनवुड यांनी मॉरिशस स्वातंत्र्याकडे जाईल, असे जाहीर केले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ निर्माण करण्यात आला आणि मोबदला म्हणून तीस लाख पौंड ठरले. पीएमएसडीचे मंत्री याच प्रश्नावर सरकारातून बाहेर पडले. पण त्यांचा आक्षेप बेटे देण्याला नव्हता, अमेरिकेकडून साखरेचा कोटा आणि स्थलांतराच्या सवलती पदरात पाडून न घेता ती स्वस्तात दिल्याला होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६५ मध्ये मॉरिशसच्या प्रदेशाचे तुकडे करू नयेत, असा ठराव केला. ब्रिटनने त्याची दखल घेतली नाही. चागोसवरील दीड हजारांवर रहिवाशांना १९६८ ते १९७३ दरम्यान हलवण्यात आले व त्यांतील बहुतेकांना पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत आणून सोडण्यात आले.

रामगुलाम यांना पर्याय होता का, यावर मॉरिशसमध्ये आजही वाद होतात. ज्याच्या देशातच निम्म्याच्या जवळपास लोक स्वातंत्र्याच्या विरोधात आहेत आणि ते देण्या-न देण्याचा अधिकार ज्याच्या समोरच्या पक्षाकडे आहे, त्याने दिलेली संमती कितपत मोकळी मानायची, हा त्या वादाचा गाभा आहे.

निवडणूक आणि सत्तांतर

ब्रिटनने सार्वमताची मागणी नाकारली, पण सार्वत्रिक निवडणूक घ्यावी आणि नव्या सभागृहाने साध्या बहुमताने ठराव केल्यास स्वातंत्र्य द्यावे, असे ठरले. निवडणूक पद्धतीसाठी बॅनवेल आयोग नेमण्यात आला आणि त्याच्या शिफारशींत फेरफार होऊन जी पद्धत ठरली ती जगात विरळ आहे. मुख्य बेटाचे २० त्रिसदस्य मतदारसंघ आणि रोद्रिगेसचा एक द्विसदस्य मतदारसंघ मिळून ६२ सभासद निवडून येतात. त्यानंतर पराभूत उमेदवारांपैकी अधिक मते मिळवलेल्या आठ जणांना, ज्या समाजगटाला कमी प्रतिनिधित्व मिळाले असेल त्या गटातून, सभागृहात घेतले जाते. यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ (क्रिऑल, फ्रेंच वंशीय वगैरे उरलेले सर्व) असे चार गट घटनेत नोंदले गेले. अल्पसंख्याकांची धास्ती या तरतुदीने कमी झाली हे खरे, पण उमेदवाराची जात-जमात विचारणारे राजकारणही तिने पक्के केले.

७ ऑगस्ट १९६७ रोजी मतदान झाले. नोंदलेल्या तीन लाखांवर मतदारांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदारांनी मत दिले. मजूर पक्ष, फॉरवर्ड ब्लॉक आणि मुस्लिम कृती समिती यांच्या ‘इंडिपेंडन्स पार्टी’ला सुमारे ५५ टक्के मते आणि ३९ जागा, तर पीएमएसडीला सुमारे ४४ टक्के मते आणि २३ जागा मिळाल्या. रोद्रिगेसच्या दोन्ही जागा विरोधकांकडे गेल्या, म्हणजे त्या बेटाने स्वातंत्र्याला नकारच दिला होता. २२ ऑगस्टला सभागृहाने स्वातंत्र्याचा ठराव मंजूर केला.

त्यानंतरचे महिने तणावात गेले. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिऑल आणि मुस्लिम टोळ्यांच्या भांडणातून दंगल पेटली, वीसहून अधिक माणसे मारली गेली, मिश्र वस्तीच्या गल्ल्यांतून कुटुंबे घरे सोडून आपापल्या समाजाच्या भागात राहायला गेली आणि पुन्हा एकदा, या वेळी सिंगापूरहून, ब्रिटिश तुकडी आली. राणीच्या वतीने येणाऱ्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. १२ मार्च रोजी दुपारी पोर्ट लुईच्या शाँ द मार्स या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर ब्रिटिश ध्वज उतरवून लाल, निळ्या, पिवळ्या व हिरव्या पट्ट्यांचा ध्वज चढवण्यात आला. दांडीयात्रेच्या प्रारंभाची तारीख म्हणून रामगुलाम यांनी हा दिवस निवडला, असे सांगितले जाते. गव्हर्नर सर जॉन शॉ रेनी हेच पहिले गव्हर्नर-जनरल झाले, रामगुलाम पंतप्रधान झाले आणि २४ एप्रिलला मॉरिशसला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले.

स्वातंत्र्यानंतर

पुढची काही वर्षे स्वातंत्र्याच्या विरोधकांचे भाकीत खरे ठरते की काय, अशी होती. फ्रेंच वंशीय आणि सुस्थितीतील क्रिऑल कुटुंबांतील अनेकांनी ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेची वाट धरली. १९६९ मध्ये रामगुलाम यांनी थेट द्युवाल यांनाच सरकारात घेतले आणि १९७२ मध्ये होणारी निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली. या तडजोडीला कंटाळलेल्या तरुणांनी स्थापन केलेल्या ‘मुव्हमाँ मिलिताँ मोरिसियाँ’ने १९७१ मध्ये गोदी बंद पाडल्यावर आणीबाणी आली, नेते तुरुंगात गेले. पण निर्यातक्षेत्राचा १९७० चा कायदा, युरोपीय बाजाराने १९७५ च्या करारात दिलेली साखरेची हमी आणि पर्यटन यांमुळे अर्थव्यवस्था सावरली. १९८२ मध्ये याच तरुणांच्या पक्षाने मित्रपक्षासह मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या, आणि रामगुलाम यांनी कोणतीही खळखळ न करता सत्ता सोडली. १२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक झाले, तरी अंतिम अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश राजमंडळाच्या न्यायसमितीकडेच जातात.

राज्याने वंशपरंपरेच्या भाषांना शाळांत आणि नभोवाणीवर जागा दिल्यामुळे बेटावरील मराठी समाजाचे अस्तित्व संख्येच्या मानाने ठळक राहिले. मराठी शाळेत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. घरांमध्ये मात्र इतर भारतीय भाषांप्रमाणेच मराठीची जागाही बहुतांशी क्रिऑलने घेतली आहे.

चागोसचा प्रश्न मॉरिशसने १९८० पासून जागतिक व्यासपीठांवर सातत्याने लावून धरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ च्या सल्लागारी अभिप्रायात १९६५ ची तोडणी लोकांच्या मुक्त इच्छेने झाली नसल्याचे आणि त्यामुळे १९६८ मध्ये मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली नसल्याचे म्हटले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी सही केलेल्या करारात चागोसवरील सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे ठेवण्याचे ठरले आहे.